केबलवाला आधी आला, कायदा नंतर: आपल्याकडच्या केबल टीव्हीचा इतिहास

पारावरचा

टीव्हीच्या आठवणींचा धागा निघाला की 'गजरा' आणि 'चिमणराव'वर सगळे हळहळतात आणि तिथून उडी मारून थेट आजच्या मालिकांना नावं ठेवायला लागतात. मधली पंधरा-वीस वर्षं ज्याने घराघरात वाहिन्या पोचवल्या, त्या केबलवाल्याचं कोणी नावही काढत नाही. माझं म्हणणं असं की आपल्याकडे टीव्ही बदलला तो ना सरकारने ठरवून, ना परदेशी कंपन्यांनी योजून. बदलला तो गल्लीतल्या पोरांनी, कोणाला न विचारता. पुढे जे काही बरंवाईट झालं त्यातलं बरंचसं या 'कोणाला न विचारता'मधूनच आलेलं आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसायला लागलं. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या वेळी रंग आला, रंगीत संच बाहेरून आणायला सरकारने सवलत दिली आणि त्याच लाटेत आखातातून, सिंगापूरहून परतणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागले. यंत्र महाग, कॅसेट मात्र भाड्याने स्वस्त. मग मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये कोणाच्या तरी डोक्यात आलं, एकाच व्हीसीआरची वायर सगळ्या मजल्यांवर फिरवली तर? हे १९८३-८४च्या सुमाराचं. दुपारी एक सिनेमा, रात्री एक, महिन्याला वर्गणी. सिनेमावाले साहजिकच चिडले. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन व्हिडिओची चोरी त्यात आली. वायरी मात्र कोणी उतरवल्या नाहीत. म्हणजे परदेशी वाहिनी आकाशात येण्याच्या सहा-सात वर्षं आधीच मुंबईत जाळं विणलेलं होतं, वसुलीची पद्धत बसलेली होती आणि 'टीव्हीसाठी दर महिन्याला पैसे द्यायचे' ही सवयही लागलेली होती. केबलच्या इतिहासातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात कमी लिहिला जातो.

जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध पेटलं. बगदादवरचे बाँब सीएनएनवर दिसतात म्हणून लोक मुंबई-दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलांत जाऊन उभे राहिले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. तो ज्या उपग्रहावरून यायचा त्या एशियासॅट-१ची कथा भारी आहे. मुळात तो वेस्टार-६ नावाचा अमेरिकन उपग्रह. १९८४मध्ये अवकाशयानातून सोडला, पण भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी दुसऱ्या यानातल्या अंतराळवीरांनी तो पकडून परत आणला. दुरुस्त करून विकला गेला आणि एप्रिल १९९०मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला. भारताच्या टीव्हीचा नक्शा बदलणारा उपग्रह हा असा सेकंडहँड होता!

सुरुवातीला स्टारच्या पाच वाहिन्या होत्या: स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसी आणि एक चिनी. त्यांना कुलूप नव्हतं. मोठी डिश आग्नेयेकडे फिरवून उपग्रह सापडला की झालं. केबलवाल्यांची जाळी तयारच होती, त्यांनी व्हीसीआरच्या शेजारी एक रिसीव्हर ठेवला. ऑक्टोबर १९९२मध्ये सुभाषचंद्रांनी त्याच उपग्रहावर झी टीव्ही आणला आणि मग गोष्ट इंग्रजी येणाऱ्या घरांपुरती राहिली नाही. पुढच्याच जुलैत रूपर्ट मरडॉक यांनी स्टारमधला ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरना घेतला. इतका पैसा जिथे ओतला गेला तो माल शेवटी ग्राहकाच्या घरी नेत होता आपल्या कोपऱ्यावरचा पक्कड-टेस्टरवाला मुलगा.

आणि कायदा? तोवर हाताशी होते १८८५चा तार कायदा आणि १९३३चा वायरलेस कायदा. केबलसाठीचा वटहुकूम निघाला सप्टेंबर १९९४मध्ये, कायदा झाला १९९५मध्ये. त्यात नोंदणी कुठे करायची, तर मुख्य टपाल कचेरीत. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं सक्तीचं. बाकी रस्त्यावरून वायर ओढायला परवानगी कोणाची, दर काय, तक्रार कुठे, याची नीट उत्तरं यायला आणखी बरीच वर्षं गेली.

तुमच्या गावात, पेठेत, कॉलनीत केबल कोणी आणि कशी आणली ते लिहा. काय बघितलं याची यादी नको, ती सगळ्यांची सारखीच असते.

मुळाकाठची

छान धागा. पण एक बाजू राहिली.

दूरदर्शनवर मुंबई केंद्र होतं तेव्हा संध्याकाळचा बराच वेळ मराठी होता. बातम्या मराठी, 'आमची माती आमची माणसं' मराठी, नाटकं मराठी. केबल आली आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या घरातसुद्धा संध्याकाळची भाषा हिंदी झाली. 'तारा' बघायची, 'अंताक्षरी' खेळायची, 'खाना खजाना' बघून पनीर करायचं. मराठी उपग्रह वाहिनीची खरी सुरुवात झाली ती १५ ऑगस्ट १९९९ला, अल्फा मराठीपासून (आताची झी मराठी). ई टीव्ही मराठी जुलै २०००मध्ये. म्हणजे झीनंतर जवळजवळ सात वर्षांनी! तमिळमध्ये सन टीव्ही १९९३पासून होता. आपल्याकडचा प्रेक्षक हिंदी समजतो, मग त्याच्यासाठी वेगळा खर्च कशाला, असा तो सरळ हिशेब होता.

त्या सात वर्षांत एक पिढी हिंदीत हसायला शिकली. याचं खापर मी केबलवाल्यावर फोडत नाही, तो मिळेल ते दाखवत होता. पण केबलला 'क्रांती' म्हणायचं झालं तर जरा जपून म्हणू या.

पारावरचा

@मुळाकाठची, मुद्दा मान्य. पण उलटंही बघा. अल्फा आली तेव्हा तिला एकाही घरात नवी वायर टाकावी लागली नाही. 'आभाळमाया' पहिल्याच वर्षी घरोघरी पोचली ती त्याच हिंदीने रुजवलेल्या जाळ्यावरून. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. 'होम मिनिस्टर' तर वाहिनीच उचलून लोकांच्या बैठकीच्या खोलीत घेऊन गेला. दूरदर्शनच्या मराठीत इतक्या तासांचं काम कधीच निघालं नसतं. दर्जाबद्दल वाद घालायचा असेल तर दुसरा धागा काढू, तो तीनशे प्रतिसादांच्या आत संपणार नाही.

रंकाळ्यावरचा

राव, तुम्ही बघणाऱ्यांचं लिहिताय. आता वायर ओढणाऱ्याचं ऐका. मी कोल्हापुरात काकांच्या केबलवर लाइनमन होतो, कॉलेज करत करत.

कंट्रोल रूम म्हणजे आठ बाय दहाची खोली, वर पत्रा, आत एक कूलर. तो माणसांसाठी नाही, रिसीव्हर तापू नयेत म्हणून. डिशचे सिग्नल रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरमधून मॉड्युलेटरमध्ये, तिथून सगळे एका वायरीत. मग गच्ची-गच्चीवर बूस्टर, कारण शे-दोनशे मीटरवर सिग्नल मरतो. बूस्टरला लाइट लागते. ती ज्याच्या घरातून घेतली त्याला केबल फुकट. हा अलिखित करार सगळ्या महाराष्ट्रात एकच होता बघा. आता भारनियमनाच्या काळात काय व्हायचं? तुमच्याकडे लाइट आहे, पण बूस्टर ज्या गल्लीत त्या गल्लीत नाही. टीव्हीवर मुंग्या. लोक आम्हाला शिव्या घालणार, आम्ही वीज मंडळाला.

दुसरी गंमत नंबरांची. जुन्या ॲनालॉग जाळ्यात सगळ्या वाहिन्या सारख्या स्पष्ट येत नव्हत्या. खालच्या पट्ट्यातल्या दहा-बारा एकदम लख्ख, वर जाल तसा कचरा. त्यात अर्ध्या लोकांचे टीव्ही जुने, त्यांना वरच्या वाहिन्या लागायच्याच नाहीत. त्यामुळे कुठली वाहिनी कितव्या नंबरला टाकायची ही आमच्या हातातली सत्ता होती. पुढं वाहिनीवाले त्यासाठी वरच्या मोठ्या केबल कंपन्यांना पैसे मोजायला लागले. कॅरेज फी म्हणायचे त्याला. म्हणजे आधी आम्ही वाहिनी दाखवायला तिला पैसे द्यायचो, मग वाहिनी आम्हाला दिसायला पैसे द्यायला लागली. धंद्याची पार उलटापालट. खालच्या पोरांना त्यातलं काही मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अवांतरपटू

अवांतर: संध्याकाळी कार्टून नेटवर्क बघता बघता एकदम त्याच जागी टीएनटीचे कृष्णधवल इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे ते कोणाला आठवतंय का? १९९५ला वाहिनी आली तेव्हा एकाच जागेत दिवसा कार्टून आणि रात्री टीएनटी अशी वाटणी होती. आमच्या घरी 'कार्टून संपलं, आता झोपा' यासाठी घड्याळ लागत नसे.

रंकाळ्यावरचा

@अवांतरपटू 😄 त्या वेळेला आमच्याकडं रोज फोन यायचे, "कार्टून गेलंय, बघा जरा." कितीदा सांगितलं की वाहिनीच बदलते म्हणून.

मांडवीतीर

गोव्यातून. इथली गोष्ट थोडी वेगळी आहे, म्हणून लिहितो.

मोठ्या वाहिन्यांना गोवा म्हणजे किनारा, पर्यटक आणि निवडणूक. तालुक्यातली बातमी त्यांच्या लेखी नसतेच. ती जागा केबलने भरली. प्रुडंट, गोवा ३६५ अशा स्थानिक बातम्यांच्या वाहिन्या केबलवरच वाढल्या. कोकणी, मराठी, इंग्रजी बातमीपत्रं एकाच वाहिनीवर. पंचायतीतला राडा, खाणीविरुद्धचा मोर्चा, जत्रा, तियात्र (कोकणी नाटक), सगळं. आमच्याकडच्या आमदारांना दिल्लीच्या वाहिनीपेक्षा यांचा कॅमेरा जास्त महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रातही शहरोशहरी स्थानिक केबल वाहिन्या होत्याच की. विसर्जन मिरवणूक थेट, दहावीच्या निकालात पहिला आलेल्याची मुलाखत, आणि खाली सरकत्या पट्टीत मंगल कार्यालयाची जाहिरात. त्यांच्यावर कोणी लिहिलं पाहिजे.

दुसरं, केबलच्या परिणामावर रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००९मधला एक गाजलेला अभ्यास आहे. २००१ ते २००३ या काळात ज्या खेड्यांत केबल नव्याने आली त्यांची न आलेल्यांशी तुलना. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली यांच्याबरोबर त्यात गोवाही होता. केबल आलेल्या खेड्यांत 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा वाटा वाढला आणि जन्मदरही घटला, असं त्यांना आढळलं. ज्या सासू-सून मालिकांना आपण नाकं मुरडतो त्याच चालू असतानाचा हा काळ आहे.

शंकासुर

असले निष्कर्ष वाचले की माझा हात आपोआप डोकं खाजवायला जातो. केबल कुठल्या खेड्यात येते? जिथे वीज आहे, रस्ता आहे, वर्गणी द्यायला पैसे आहेत. तिथे बायकांची स्थिती तशीही सुधारतच असणार. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, त्यातला प्रकार.

मांडवीतीर

@शंकासुर, रास्त शंका आणि त्यांनाही ती आली होती. म्हणून त्यांनी श्रीमंत खेडं विरुद्ध गरीब खेडं अशी तुलना केली नाही. तीच माणसं, तेच खेडं, केबलच्या आधी आणि नंतर किती बदललं, आणि तेवढ्याच काळात केबल न आलेलं खेडं किती बदललं, हे पाहिलं. शिवाय ज्या खेड्यांत पुढे केबल येणार होती तिथे आधीपासूनच बदल सुरू होता का तेही तपासलं, तर तसं दिसलं नाही. मात्र हे बायकांनी दिलेल्या उत्तरांवर आधारलेलं आहे. उत्तर बदललं म्हणजे घरातलं वागणं तेवढंच बदललं असं नाही, इथे तुमची शंका टिकते.

मुळाकाठची

मला यात नवल वाटत नाही. मालिकेतली सून कितीही रडकी असो, ती फोनवर बोलते, गाडीत बसून एकटी बाहेर जाते, वकिलाला भेटते. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, बायका गोष्टीपेक्षा हे तपशील जास्त लक्ष देऊन बघायच्या. पुण्यात बसून आम्ही कथेला हसायचो, त्या तिकडे साडीपासून बँकेतल्या खिडकीपर्यंत सगळं टिपत होत्या.

पेनसिल्व्हेनियाचे पावणे

बरेच दिवस नुसता वाचक होतो, इथे राहवलं नाही. मी राहतो त्याच राज्यात केबलचा जन्म झाला असं इथले लोक अभिमानाने सांगतात. महनॉय सिटी नावाचं कोळसा खाणींचं गाव, चहूकडे डोंगर, फिलाडेल्फियाचे सिग्नल पोचत नाहीत. १९४८मध्ये जॉन वॉल्सन नावाच्या दुकानदाराने डोंगरावर अँटेना उभारून वायर गावात आणली, कारण त्याशिवाय त्याच्या दुकानातले टीव्ही विकले जाईनात. ऑरेगन आणि आर्कान्सामधली गावंही पहिलेपणाचा दावा करतात, तो वाद चालू द्या.

गंमत अशी की इथे केबल आधी साध्या प्रक्षेपणासाठी आली आणि सिनेमे नंतर. एचबीओ १९७२मध्ये, तेही याच राज्यातल्या विल्क्स-बारमध्ये. आपल्याकडे नेमकं उलट. सिंहगडाचा सिग्नल नीट येत असतानाही लोकांनी वायर घेतली, कारण जे येत होतं ते त्यांना पुरत नव्हतं. पारावरच्या भाऊंच्या मुद्द्याला माझ्याकडून एवढी पुरवणी.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या अकोल्यात केबलवाला पुढं नगरसेवक झाला. कसा नाही होनार? दर महिन्याले प्रत्येक घरी जाते, कोनाच्या घरी किती मानसं, कोन आजारी, कोनाच्या पोरीचं लग्न, सारं ठाऊक. प्रचाराले वेगळं काही करावंच लागलं नाही त्याले.

पारावरचा

@वऱ्हाडी ठेचा, हे फक्त अकोल्यातलं नाही. मुंबईत पक्षांनी केबलवाल्यांच्या संघटनाच काढल्या. कुठल्या गल्लीत कोणाची वायर यावरून हाणामाऱ्या झाल्या, कारण 'एरिया' ही मालमत्ता होती. तिची खरेदी-विक्री व्हायची, इतक्या जोडण्या, जोडणीमागे इतका भाव. वरती सिटी केबल, इनकेबल, हॅथवे अशा बड्या कंपन्या आल्यावर अनेक लहान केबलवाले त्यांच्याकडून सिग्नल घेऊ लागले. त्यांची डिश गेली, पण घराच्या दाराशी येणारा माणूस तोच राहिला.

नैतिकतेचं प्रकरणही इथेच घ्यायला हवं. नव्वदीत 'बेवॉच' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'वरून किती अग्रलेख झडले असतील! २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर पोलीस कारवाईच्या भीतीने मुंबईत केबलवर सिनेमाच्या वाहिन्याच काही काळ बंद पडल्या होत्या. वाहिनी परदेशातून येणार, कंपनीचं कार्यालय चकचकीत इमारतीत, आणि पोलीस येणार ते केबलवाल्याच्या पत्र्याच्या खोलीत.

उलट दिशेने एक फार चांगली गोष्टही या काळात झाली. १९९३च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार भांडले, आणि फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्यानंतर दूरदर्शनचा एकछत्री कारभार कागदावरही उरला नाही. प्रत्यक्षात गच्चीवरच्या पोरांनी तो आधीच संपवला होता.

शंकासुर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. केबलवाल्यांनी लपवलेल्या जोडण्यांचं काय? करमणूक कर बुडवला तो कोणाचा होता?

रंकाळ्यावरचा

विचारलंत ते बरं झालं. हो, बऱ्याच जोडण्या कागदावर नसायच्या. वाहिनीवाले जोडणीमागं पैसे मागायचे आणि वर्षाला भाव वाढवायचे, कलेक्टर कचेरीचा करमणूक कर वेगळा. मुंबईत एका जोडणीला महिना ४५ रुपये होता तो. आणि गिऱ्हाईक वीस रुपये वाढवले तरी भांडायचं. मग आकडा दाबायचा. चूक ती चूकच. पण वाहिनीवाल्यांनाही नेमका आकडा ठाऊक नव्हता आणि वाटाघाटीत जो जोर लावेल तो खरा, असा मामला होता.

ते मोडायलाच तर सेटटॉप बॉक्स आले. आधी २००६च्या शेवटी दक्षिण मुंबईत 'कॅस' आणलं, म्हणजे पैशाच्या वाहिन्या बॉक्सशिवाय दिसणार नाहीत अशी पद्धत. ७७ रुपयांत स्वतःचे पैसे न घेणाऱ्या (फ्री-टू-एअर) वाहिन्या आणि पैशाच्या प्रत्येक वाहिनीला ५ रुपये. मग ३१ ऑक्टोबर २०१२च्या मध्यरात्री मुंबईत ॲनालॉग बंद, मार्च २०१३च्या अखेरीस पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर, आणि २०१७पर्यंत उरलेली गावं. बॉक्स आला तसा प्रत्येक जोडणी वरच्या कंपनीच्या संगणकात दिसायला लागली. आकडा लपवायची सोय गेली, नंबर लावायची सत्ताही गेली. १ फेब्रुवारी २०१९ला ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा नियम आला, १३० रुपये अधिक कर आणि वर प्रत्येक वाहिनीचे वेगळे. तेव्हा दारोदार फिरून म्हाताऱ्यांना एकेक वाहिनी निवडून देत बसलो होतो. "मला फक्त मराठी आणि भक्तीचं दे" म्हणणाऱ्यांचं बिल आधीपेक्षा कमी आलं, क्रिकेट आणि हिंदी दोन्ही हवं असणाऱ्यांचं वाढलं.

अवांतरपटू

आणि आता? आमच्या इमारतीत निम्म्या लोकांनी बॉक्स काढून टाकलेत.

रंकाळ्यावरचा

आता काकांचा मुलगा त्याच खांबांवरून फायबर ओढतो. केबलची दोनशे घरं सुटली, इंटरनेटची साडेतीनशे जोडली. गिऱ्हाईक तेच, पावती पुस्तकाऐवजी क्यूआर कोड. मोठ्या कंपन्यांचं फायबर पण गल्लीत आलंय, स्वस्त आहे. पण रात्री दहाला नेट गेलं की त्यांच्या कॉल सेंटरला 'एक दाबा, दोन दाबा' करत बसावं लागतं, आणि आमच्या पोराला लोक खालून नावानं हाक मारतात. तेवढ्यावर अजून चाललंय.

मुळाकाठची

@रंकाळ्यावरचा, त्या कंट्रोल रूमवर वेगळा लेख लिहाच दादा. आणि तुमच्या स्थानिक वाहिनीच्या जुन्या कॅसेट कुठे आहेत? मिरवणुका, नाटकं, निवडणुकीच्या सभा, एवढं चित्रीकरण कोणी जपलंय का?

रंकाळ्यावरचा

थोड्या माळ्यावर आहेत. बऱ्याच पुसून त्यावरच पुढच्या वर्षीचं चित्रीकरण केलं, कॅसेट महाग होत्या तेव्हा. कोणाकडं चालू स्थितीतला व्हीएचएस प्लेअर आणि कॅप्चर कार्ड (कॅसेट संगणकावर उतरवायला) असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी कॅसेट घेऊन येतो.